पाथरकर काकांचा कोपर

लग्न असो, मुंज असो की तेरवी, पाथरकर काका स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. आम्ही आता त्यांच्या शेजारी नाही, पण अजूनही आणत असतील. लोखंडी, घडीची, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेली खुर्ची. यजमानाने कितीही आग्रह करावा, सोफा दाखवावा, काका आपले कोपऱ्यात जाऊन खुर्ची उघडणार, दोन्ही हातांनी दाबून बघणार आणि मगच टेकणार. मंडपातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे ते अशा नजरेने बघत की यजमानाला उगाच अपराधी वाटावं.

एका लग्नात नवरीच्या मामांना राहवलं नाही. "काका, बसा हो! एवढी माणसं बसली आहेत ह्याच खुर्च्यांवर."

"बसली आहेत," काका म्हणाले. "उठतील का, ते बघायचं आहे."

पंगत अर्ध्यावर आली आणि मामांच्याच खुर्चीचा मागचा पाय तडकला. मामा श्रीखंडाच्या वाटीसकट जमिनीवर. सगळा मंडप हसला, काका हसले नाहीत. ते उठले, मोडकी खुर्ची उलटी केली, तडा कुठून सुरू झाला ते बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "फेल." मग त्यांनी मामांना हात दिला. हाच क्रम होता, मी स्वतः पाहिला आहे.

जबलपूरला महाराजपूरच्या बाजूला आमची कॉलनी. तिथे काकांची आणि आमची भिंतीला भिंत. मी बँकेत होतो म्हणून ते मला आम्ही निघेपर्यंत 'मॅनेजरसाहेब' म्हणत, मी मॅनेजर झालो नव्हतो तेव्हापासून. ते स्वतः एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्याने केलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या. निवृत्त झाल्यावरही खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचं व्हर्निअर असायचं. आमच्या सौ.ने, सुनंदाने, दिवाळीला अनारसे पाठवले तर दुसऱ्या दिवशी डबा परत देताना सांगत, "वहिनी, एका बाजूने जाड आहेत. पण चालेल."

त्यांच्या लेखी जगाचे तीन भाग होते. 'फेल', 'बघू' आणि 'पास'. कॉलनीतल्या मुलींना आलेली स्थळं, महापालिकेचे रस्ते, माझी नवी स्कूटर, सगळं 'फेल' किंवा 'बघू' मध्ये मोडायचं. 'पास' हा शब्द नुसता शोभेला ठेवलेला असावा, असा माझा समज होता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरली बहीण, ताई, तरुणपणीच नवरा गेल्यामुळे लहानग्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली ती तिथेच राहिली. मुलगा मोठा झाला, नागपूरला नोकरीला लागला आणि पुढे त्याने आईला तिकडे बोलावून घेतलं. तेव्हापासून त्या घरात काका एकटे. ताईंचा विषय ते काढत नसत आणि आम्हीही काढत नसू.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. गल्लीतल्या मराठी माणसाने त्यांच्याशी मराठीतच बोलायचं. जबलपुरात हे वाटतं तितकं सोपं नाही. दूधवाला, भाजीवाला, शाळा, कचेरी, सगळं हिंदीत. घरात तेवढी मराठी, तीही नागपुरी वळणाची. आमच्या मुग्धाला लहानपणी मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर द्यायची. काका तिला म्हणत, "बोलत जा बाई. मशीन बंद ठेवली का जंग लागते." जंग हा शब्द हिंदी आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायची कोणाची टाप होती!

निवृत्तीनंतर लोक घड्याळ आणि गुडघेदुखी घेऊन घरी येतात. काका पिकअप घेऊन आले. जुनी, पण डबल कॅबिनची: पुढे दोन ओळींत माणसं बसतील, मागे सामानाला उघडा हौदा. बेत असा की हिवाळ्यात आसपासच्या खेड्यांतून मटार भरायचा आणि नागपूरच्या बाजारात पोचवायचा. आमच्याकडचा मटार गोड, त्यामुळे धंदा चालायला हरकत नव्हती. पण काका थोड्या थोड्या अंतरावर गाडी थांबवून बॉनेट उघडून बघायचे. त्यांचा मटार पोचेपर्यंत बाजार उठलेला असायचा. शेवटी तिथल्या व्यापाऱ्याने हात जोडले, "काकाजी, आप आदमी बहुत अच्छे हैं, मगर मटर को जल्दी रहती है।" एका हंगामात धंदा आटोपला. पिकअप उरली.

आणि उरला तो कोपर.

त्या गाडीच्या इंजिनाला मागच्या अंगाला एक प्लास्टिकचा तुकडा आहे. नळाच्या पाइपाला वळण द्यायला एल्बो लावतात ना, तसा. काळा, मुठीत मावणारा. काका त्याला कोपर म्हणत. इंजिन गार ठेवणारं गुलाबी पाणी, म्हणजे कूलंट, त्याच्यातून फिरतं. तो तापतो, निवतो, परत तापतो आणि काही दिवसांनी पापडासारखा कडक होतो. मग केसाएवढी चीर पडते, पाणी गळतं, मीटरचा काटा लाल रेघेकडे सरकतो आणि जिथे चिटपाखरू नाही नेमकं तिथे गाडी वाफा सोडत उभी राहते. ज्यांच्याकडे ती गाडी आहे ते सगळेच ह्या कोपराच्या नावाने बोटं मोडतात.

आता गंमत ऐका. प्लास्टिकच्या खुर्चीवर न बसणारा हा माणूस ह्या कोपराच्या बाबतीत मात्र प्लास्टिकवरच अडून बसला होता. अधारतालचे मिस्त्री सलीमभाई त्यांना दर खेपेला सांगायचे, "चाचा, इसका अल्युमिनियम वाला आता है। एक बार लगाओ और भूल जाओ।"

"भूल जाओ?" काका उसळत. "गाडी को भूल जाओ?"

मी एकदा सरळच विचारलं. तर म्हणाले, "मॅनेजरसाहेब, धातू इंजिनाशी भांडते. प्लास्टिक बिचारं स्वतः मरून जाते, इंजिन वाचवते."

प्लास्टिकला 'बिचारं'! मामांच्या खुर्चीला 'फेल' म्हणणारं तोंड ते हेच. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण मी बँकेतला माणूस. इंजिनातलं मला काय कळणार म्हणून गप्प बसलो. काकांच्या कपाटात नव्या प्लास्टिकच्या कोपरांची चळत असायची. गावाबाहेर जायचं म्हटलं की जुना काढून नवा घालायचा, जुन्याला काही झालेलं असो वा नसो.

आणि गावाबाहेर जायचे प्रसंग भरपूर येऊ लागले. एके काळी आमच्या गल्लीत मराठी घरं ओळीने होती. कोणी कारखान्यातले, कोणी रेल्वेतले, कोणी शाळामास्तर. मग मुलं नागपूरला, पुण्याला गेली आणि मागोमाग आईबाप निघाले. ह्यातलं प्रत्येक घर हललं ते काकांच्या पिकअपमधून. मोठं सामान ट्रकने आदल्या दिवशी पुढे. देव, लोणच्याच्या बरण्या, तुळशीची कुंडी आणि माणसं काकांच्या गाडीत. भाड्याचा शब्द काढला की ते ऐकू न आल्यासारखं करून टायरला लाथ मारून बघत.

सबनिसांचं निघणं मला चांगलं आठवतं. मे महिना. ऊन चढायच्या आत वाटेतला कुरईचा घाट गाठायचा म्हणून सकाळी लवकर निघायचं ठरलेलं. घराला कुलूप लागलं, किल्ल्या नव्या मालकाला दिल्या, गाडीपुढे नारळ फुटला, सगळ्यांच्या हातावर दही-साखर पडली. सबनिसांच्या म्हाताऱ्या आई मांडीवर देवांचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसल्या. आणि काकांनी बॉनेट उघडलं.

"काय झालं काका?" सबनीस खाली उतरले.

"काही नाही. कोपर बदलून घेतो."

"आत्ता?"

"इंजिन थंड असताना बदलावा लागते. सकाळइतकं थंड कधी असते का?"

"काल सकाळीही थंडच असेल की!"

"काल बदलला असता तर आज एक दिवस जुना नसता झाला?"

घर तर बंद. सगळी वऱ्हाडमंडळी काकांच्या व्हरांड्यात लोखंडी खुर्च्यांवर जाऊन बसली. काकांनी गाडीखाली परात सरकवली, पाणी सोडलं, जुना कोपर काढला, नव्याला रबरी रिंग चढवली. प्रत्येक स्क्रू असा हळू फिरवला की बघणाऱ्याला घाम फुटावा. घाई केली तर आटे जातात, म्हणे. मग नवं कूलंट ओतलं, इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी येणारे बुडबुडे बघत उभे राहिले. "आत हवा राहून गेली का इंजिन फसवते," ते म्हणाले. "निघू द्या आरामात."

हवा आरामात निघत होती तेवढ्यात काकांनी हात धुतले, पोहे टाकले आणि बशा घेऊन बाहेर आले. मग खुर्ची ओढून म्हाताऱ्या आईंपाशी बसले. "काकू, तुमच्या घरी पहिला फोन आला तेव्हा तुम्ही काय केलं होतं? सांगा ना ह्यांना." आणि काकू सांगू लागल्या. फोन वाजला तेव्हा पदर सावरून, केस नीट करून त्या फोनसमोर कशा उभ्या राहिल्या होत्या ते. हसता हसता त्यांच्या मांडीवरचे देव डब्यात खुळखुळत होते. सबनीस घड्याळ बघत होते आणि ऊन व्हरांड्यात आलं होतं.

"माणसाने एका कोपरापायी नाकी नऊ आणले," असं सबनिसांनी नागपूरहून मला फोनवर सांगितलं. पण थोड्या दिवसांनी म्हणाले, "आई अजून त्या सकाळचंच बोलत असते."

पुढे हा रिवाजच पडला. प्रत्येक घर निघताना कुलूप लागणार, नारळ फुटणार आणि बॉनेट उघडणार. लोक शहाणे झाले. काकांनी सातला निघू म्हटलं की नागपूरला रात्रीच्या जेवणाचं कळवू लागले.

आणि मग गल्लीत काकांखेरीज आमचं एकच मराठी घर राहिलं.

सुनंदाचे गुडघे जिने चढायला तयार होईनात. मुग्धाने नागपूरला स्वतःच्या इमारतीत तळमजल्यावर जागा बघितली आणि आमचं जायचं ठरलं. काकांना सांगायला मी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात गेलो. ते कानशीने काहीतरी घासत बसले होते. मी इकडचं तिकडचं पुष्कळ बोललो, शेवटी सांगून टाकलं. कानस थांबली.

"अच्छा," ते म्हणाले. कानशीवरचा कीस झटकला आणि म्हणाले, "पिकअप आहे. ट्रकवाल्याच्या हाती देव देऊ नका." आणि परत घासू लागले. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "भाई साहब, अखबार आ गया क्या?"

मी मागे वळून पाहिलं, कोणाला विचारताहेत म्हणून. मागे कोणी नव्हतं. दुपारी सुनंदा धावत आत आली. "अहो, काकांना काहीतरी झालंय! मला म्हणाले, 'भाभीजी, आज बड़ी ठंड है।' मला! भाभीजी!"

दोन-तीन दिवस हाच प्रकार. आम्ही मराठीत विचारायचं, त्यांनी शुद्ध जबलपुरी हिंदीत उत्तर द्यायचं. शेवटी मी त्यांना फाटकाशी अडवलं. "काका, आमच्यावर रागावलात का?"

"नाही हो," ते पहिल्यांदा मराठीत बोलले. "सवय करून राहिलो. तुम्ही गेल्यावर मराठी बोलू कोणाशी? दूधवाल्याशी? एकदम बंद झालं तर जड जाईन मला. म्हणून आत्तापासून थोडं थोडं कमी करून राहिलो. सिगरेट सोडते ना माणूस, तसं." मग फाटक लावत म्हणाले, "चलो, शाम को मिलते हैं।"

मला हसू आलं, आणि ते तोंडावर तसंच राहिलं. घरी येऊन सुनंदाला सांगितलं तर ती भरत असलेलं खोकं अर्धवट टाकून बसून राहिली.

ती स्वतः गेली त्यांच्याकडे. म्हणाली, काका, तुम्हीही चला नागपूरला, आमच्याजवळ जागा बघू. काका म्हणाले, "वहिनी, तिथे तर सगळेच मराठी बोलतात. मला विचारन कोण?"

मुग्धाला सबनिसांची कथा माहीत होती. आईला त्या लोखंडी खुर्च्यांवर तास न् तास ताटकळत बसवायचं तिच्या जिवावर आलं. पोरगी हुशार. तिने कुठूनसा त्या गाडीचा अल्युमिनियमचा कोपर शोधून काढला आणि कुरिअरने पाठवला. फोनवर म्हणाली, "पापा, काकांना मेरी तरफ से गिफ्ट दे देना." मीही खूश होऊन खोका घेऊन गेलो. नव्या वस्तूची त्यांना आवड होती, निदान तिला नापास करायची तरी.

काकांनी खोका उघडला. कोपर बाहेर काढला. व्हर्निअर काढलं. तोंड मोजलं, गळा मोजला, जाडी चार ठिकाणी मोजली. आत बोट घालून फिरवलं. उजेडाकडे धरून आरपार बघितलं. मग एक तोंड बुचाने बंद करून बादलीत बुडवला आणि दुसऱ्या तोंडाने फुंकर घातली. बुडबुडा आला नाही. परत फुंकली. परत मोजला. मी बघत होतो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते दोष शोधत नाहीत, दोष निघावा म्हणून धडपडत आहेत.

शेवटी त्यांनी तो पंच्याने पुसून तळहातावर ठेवला. "पास," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. पण तो म्हणताना त्यांचा आवाज पडला होता.

"नसेल लावायचा तर नका लावू काका," मी म्हणालो. "मुग्धाला काय कळतंय?"

"चांगला माल परत नाही करता येत, मॅनेजरसाहेब. जिंदगीभर नाही केला."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तो बसवायला घेतला. आमचा ट्रक पुढे गेला होता, घर रिकामं होतं, म्हणून मी टॉर्च धरून उभा राहिलो. त्यांनी आतला प्लास्टिकचा कोपर काढला. तो जवळजवळ कोराच होता. पंच्याने पुसत पुसत ते त्याच्याकडे बघत राहिले. हिंदी ते बहुतेक विसरले होते.

"ताईला नागपूरला सोडायला निघालो होतो," ते म्हणाले. "नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल मागे पडला, बरंच पुढे गेलो आणि हा फुटला. पहिल्यांदा तेव्हाच फुटला. सगळी वाफच वाफ. एका ट्रकवाल्याजवळ सलीमभाईला निरोप दिला आणि बसलो आम्ही दोघं मोहाच्या झाडाखाली. बाजूला एक चहाची टपरी. बस, आणखी काही नाही."

मी टॉर्च जरा जवळ धरला.

"अख्खी जिंदगी एका घरात काढली हो आम्ही. बोलणं काय? मीठ कमी आहे. गॅस संपला. पोराची फी भरली का. त्या दिवशी काही कामच नव्हतं. तर बसून राहिलो आणि बोलून राहिलो. तेव्हा ती म्हणाली, मला तुझा राग येते. म्हटलं, काहून? तर म्हणे, तू लग्न नाही केलं आणि लोक मला बोलतात, का हिने भावाची जिंदगी खाल्ली. मी म्हटलं, अगं, एक मुलगी मला पसंत होती, तिनेच मला फेल केलं!" काका हसले. "इतकी हसली ताई, इतकी हसली, का टपरीवाला पाणी घेऊन आला धावत. घाबरला बिचारा."

त्यांनी नवा कोपर जागेवर बसवला, पहिला स्क्रू हाताने फिरवला.

"हे तिला मी पहिले नसतं का सांगू शकलो? पण कधी सांगणार? घरात वेळ नाही. आणि निघताना कोण सांगते? दही ठेवलं हातावर, चलो, टाटा. संध्याकाळी पार्ट आला. मी मनात म्हटलं, चुकीचा निघू दे. बरोबर निघाला. तिला सोडून आलो, आणि पुढची दिवाळी काही तिला दिसली नाही."

आता मला सगळं कळलं. सबनिसांची सकाळ कळली, सगळ्यांच्याच सकाळी कळल्या. रस्त्यात गाडी बंद पडू देणं हे ह्या माणसाच्या हातून मेलं तरी होणार नव्हतं. म्हणून त्याने तो दिवस स्वतःच्या अंगणात आणला होता, थोडा छोटा करून, आणि निघणाऱ्या प्रत्येक घराला वाढला होता. मी कोपर सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. टॉर्च भलतीकडे गेला तसे काका खेकसले, "उजेड इकडे!"

"काका," मी म्हणालो, "काढा तो. प्लास्टिकचाच लावा. उद्या सकाळी बदलू आपण."

"आणि कुरईच्या घाटात फुटला तर? वहिनी गुडघे घेऊन कुठे बसतील?" त्यांनी दुसरा स्क्रू घेतला. "चांगली वस्तू हातात असताना कच्ची लावू? नाही हो."

त्यांनी सगळे स्क्रू आवळले, पाणी भरलं, हवाही त्याच संध्याकाळी काढली. इंजिनाला कान देऊन उभे राहिले. "आता ह्याला काही होत नाही," म्हणाले आणि बॉनेट लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कसं वेळेवर झालं. किल्ल्या दिल्या, नारळ फोडला, सुनंदाने काकांच्याही हातावर दही ठेवलं. तुळस हौद्यात दोरीने बांधली. सुनंदा देवांचा डबा घेऊन मागे बसली, मी पुढे, काका स्टिअरिंगवर. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काटा जिथे असायला हवा तिथे.

गाडी मात्र हलली नाही.

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी समोर बघत राहिलो. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. गिअर पडेना. मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली आणि इंजिन बंद झालं.

"काय झालं काका?" मागून सुनंदा. "बिघडली का?"

"नाही वहिनी. गाडीला काही नाही झालं." ते मीटरकडे बघत बोलत होते. "सगळं ठीक आहे. काही काम नाही काढलेलं." मग थांबले. इतकी वर्षं जे मागायला त्यांच्या हातात एक प्लास्टिकचा तुकडा असायचा, ते आज नुसतं मागायचं होतं. "तर... दोन घंटे बसता का? असंच. मला वाटून राहिलं म्हणून."

मी उत्तर द्यायच्या आत मागचं दार उघडल्याचा आवाज आला. सुनंदा उतरत होती. एका हातात देव, दुसरा हात दाराला, गुडघा सांभाळत. "पोहे मी करते," ती म्हणाली. "तुम्ही कांदा फार जाड चिरता."

मी मुग्धाला फोन केला, उशीर होईल म्हणून.

"कोपर?" तिने विचारलं.

"नाही गं. कोपर उत्तम बसलाय."

"फिर?"

"काही नाही. आम्ही बसलोय काकांकडे."

आम्ही व्हरांड्यात समोरासमोर बसलो. खरं सांगतो, अवघड गेलं. बॉनेट उघडं असलं की तिकडे बघत काहीबाही बोलता येतं. आज बघायला काही नव्हतं. काकांचे हात स्वच्छ होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. ते एकदा गुडघ्यांवर ठेवले, एकदा घडी घातले. समोरून दूधवाला गेला, काकांनी त्याला हात केला. आत सुनंदा भांडी वाजवत होती.

"मॅनेजरसाहेब," काका म्हणाले, "मला तुमचा राग येऊन राहिला."

"काहून?" मी विचारलं.

"जाऊन राहिले म्हणून."

आतून सुनंदाने ओरडून विचारलं, काका, मोहरी कुठे ठेवता तुम्ही? काका उठायला लागले, तसं मी त्यांना हाताला धरून परत खाली बसवलं. "सापडेल तिला."